फिल्टर कोणी आवळला

शनिवार, २३ सप्टेंबर २००६. तांबरम, चेन्नई.

गाडीचं ऑइल बदलायला घेतलं आणि अर्ध्यात अडकलो. जुनं ऑइल सगळं खालच्या परातीत आलं, पण फिल्टर निघेना. गाडी पोर्चमध्ये लाकडी ठोकळ्यांवर, इंजिनात थेंब नाही. म्हणजे आता ती गॅरेजपर्यंतही नेता येत नाही.

या घरात आल्यापासून चार वर्षांत हे काम एकट्याने केलेलं नाही. दर सहा महिन्यांनी एक रविवार, मामा आणि मी. मामा म्हणजे खालचे माधवराव, घरमालक. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त, तंजावरकडचे मराठी. कसब त्यांचं, हमाली माझी. मार्चमध्येही फिल्टर त्यांनीच लावला. एप्रिलमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून वाकणं बंद. म्हणून या वेळी मी गाडीखाली आणि ते शेजारी खुर्चीत, काळा चष्मा लावून.

"काय करूलालास रे अविनाशा, तास झाला की!"

"फिरत नाही मामा."

"उलटा फिरवूलालास काय? पाठीवर पडलं की डावं-उजवं बदलतं."

"मामा, मी इंजिनीअर आहे."

"तेंच तर भय!"

तोवर सगळं ठीक होतं. मग फडकं धरून पाहिलं, पॉलिश पेपर गुंडाळून पाहिलं, जुन्या पट्ट्याचा फास करून पाहिला. तळहाताची साल निघाली, कोपर सायलेन्सरच्या पाइपाला भाजलं. मग मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर आठ दिवसांनी मी त्याला सौम्य करून टाकीन.

मी: "हाताने लावलेला फिल्टर असा बसत नाही. तुम्ही मार्चमध्ये पाना लावलात."

मामा: "नाही. मी हातानेच लावलों."

मी: "मग अंदाज चुकला असेल. तेव्हा दिसत नव्हतं तुम्हाला. आता तरी कुठे नीट दिसतंय? मघाशी सतराचा पाना मागितला, चौदाचा हातात दिलात."

मामी दारात कॉफी घेऊन उभ्या होत्या. मी गाडीखालून त्यांची फक्त पावलं पाहिली.

मामा उठले. "सरि, सार," म्हणजे 'बरं साहेब', असं तमिळमध्ये म्हणाले आणि आत गेले.

'सार' ते गॅसवाल्याला म्हणतात, बँकेतल्या माणसाला म्हणतात. मला चार वर्षांत कधीच नाही.

मामींनी कॉफी कठड्यावर ठेवली होती. बाहेर येईपर्यंत निवली. आज घट बसले. खाली इकडच्या रीतीने देवापुढच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्यात, बायकांचा आवाज येतोय. नवरात्रात रोज संध्याकाळी खालून वाटीभर सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, वर येतं, पहिल्या दिवशी हरभऱ्याचं. सात वाजून गेले. आलं नाही.

तरी माझं म्हणणं बरोबर होतं.

रविवार, २४ सप्टें.

सकाळी खुर्ची बाहेर नव्हती.

चेन-पाना मागायला खाली गेलो. साखळीने डबा आवळून फिरवायचा पाना, मामांनी वर्कशॉपमध्ये स्वतः बनवलेला. मामींनी आतून आणून दिला.

"मामा?"

"पडलेत."

मामींच्या तोंडून एवढा छोटा जबाब कधी ऐकला नव्हता. एरवी 'मामा कुठे' विचारलं तर मामा, मामांचा पाय, मामांचा भाऊ, सगळं ऐकून निघावं लागतं.

साखळीने डबा दाबला गेला, फिरला नाही. मग लोक करतात ते केलं: स्क्रू ड्रायव्हर ठोकून आरपार घातला आणि त्याचाच दांडा करून फिरवला. पत्रा बिस्किटाच्या डब्यासारखा फाटत गेला. पुन्हा ठोकला, पुन्हा फाटला. अंगठा कापला. बारापर्यंत डबा तुकड्यांनी हातात आला आणि वर इंजिनाला चिकटून राहिली फक्त त्याची बूड-चकती. जाड पत्र्याची, हाताला धरायला काही नाही.

आता हे बिघडवण्यात माझाच हात. पण सुरुवात माझी नव्हती.

बायकोचा, सु.चा फोन. मुक्ताच्या अकरावी-बारावीसाठी त्या दोघी पुण्यात, मी इथे. दोन वर्षं म्हणत म्हणत तिसरं लागेल.

"मेकॅनिकला बोलाव ना."

"रविवार आहे."

"मग उद्या."

"उद्या मी कामावर."

"मग मामांना सांग, ते बघतील."

मी अंगठ्यावरचं फडकं पुन्हा बांधायला लागलो. ती लगेच: "भांडलास?"

"भांडण नाही. काय झालं असावं ते फक्त सांगितलं."

"म्हणजे भांडलास." मग जरा थांबून, "तू बरोबर असतोस ना अवि, तेव्हा फार वाईट वागतोस."

मागून मुक्ता ओरडली, बाबांना सांग माझा कॅल्क्युलेटर पाठवा. तो पाठवायचा आहे. उद्या नक्की.

सुंडल नाही.

सोमवार, २५ सप्टें.

गाडी नाही म्हणून सहा वीसची कंपनीची बस. फाटकाशी मामा दुधाची पिशवी घेऊन येत होते. माझ्याकडे पाहून थांबले.

"गुड मॉर्निंग, सार."

मी गुड मॉर्निंग म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

ओरगडमला कारखान्यात दिवसभर इंग्रजी आणि माझं मोडकं तमिळ. परत येताना बसमध्ये लक्षात आलं, सकाळपासून मराठीत एक शब्द बोललो नाही, ऐकलाही नाही. हे पूर्वी रोजच व्हायचं, पण संध्याकाळी फाटक वाजलं की खालून हाक यायची, "आलास काय रे?" त्या तीन शब्दांवर दिवस भागत होता हे आज कळलं. सुरुवातीला मला त्यांचं मराठी ऐकून हसू यायचं. एकदा तसं बोलूनही दाखवलं. मामा म्हणाले होते, "तुमचं मराठी पेपरातलं. आमचं पोटातलं. पेपर रोज बदलतो."

फाटक वाजलं. हाक नाही. जिन्यात उगाच पाय वाजवत वर आलो. पोरकटपणा.

मंगळवार, २६ सप्टें.

कामावर लाज वाटावी असं घडलं.

सेल्वम म्हणून जोडणी विभागातला जुना फिटर आहे, माझ्याच वयाचा. त्याच्या टेबलावर चार ब्रॅकेट सापडले, बोल्ट जास्त आवळून आटे गेलेले. मी तिथेच उभ्याउभ्या नाकारल्याची चिठ्ठी लिहिली, कारणाच्या रकान्यात त्याचं नाव. तो हात पुसत पुसत म्हणाला (तमिळमध्ये, पण मला कळेल इतकं सावकाश), "सार, तुम्ही आधी पाहता की आधी लिहिता?"

भोवतालचे हसले. मी चिडलो. मग ब्रॅकेटवरचे शिक्के पाहिले. चारही आदल्या पाळीतले. तो तेव्हा कामावरही नव्हता.

चिठ्ठी फाडली, सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "पर्वाल्लै (चालायचंच) सार, पेन तर तुमचंच आहे." पुन्हा हसले. यावेळी मीही हसलो, पण उशिरा.

आता सात वाजलेत. आधी पाहता की आधी लिहिता. फिल्टरचं मी काय पाहिलं होतं? निघत नाही एवढंच. बाकी सगळं लिहिलं.

बुधवार, २७ सप्टें.

पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं, असं क्षणभर वाटलं, हेही लिहून ठेवतो.

लवकर परत आलो, उजेड होता. बॅटरी घेऊन गाडीखाली गेलो. फडक्यावर रॉकेल घेऊन चकतीची कड आणि तिच्या वरचं इंजिनाचं बसणं पुसून काढलं. दोन दिवस ठोकाठोक केली, पण तिथली काजळी एकदाही पुसली नव्हती.

मामांची एक सवय आहे, वर्कशॉपमधली. नट आवळून झाला की त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक पिवळी रंगाची रेघ ओढायची, बारीक कुंचल्याने. पुढे नट तसूभर जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. आमच्या फिल्टरवरही दर वेळी ओढतात. मी थट्टा करायचो, गाडीला गंध लावताय का म्हणून.

रेघ होती. अर्धी वर इंजिनावर, अर्धी चकतीच्या कडेवर. पण दोन्ही समोरासमोर नाहीत. चकतीवरची रेघ चांगली बोटभर पुढे सरकलेली.

पुढे म्हणजे आवळण्याच्या दिशेने.

मामांनी लावून, रेघ ओढून झाल्यावर कोणीतरी तो आणखी घट्ट केला आहे. पहिला विचार आला की शनिवारी मीच पाठीवर पडून उलट्या बाजूला फिरवला असेल, मामा म्हणत होते तसा. पण हातानं तर तो मुळीच हलत नव्हता आणि साखळी लावली ती सुलट, हे मला पक्कं आठवतं. मग कधी? बराच वेळ तसाच पडून राहिलो. पाठीखाली फरशी गार होती, बरं वाटत होतं.

वर येऊन या वर्षाची पहिली वही काढली. १६ एप्रिल, रविवार:

'मामांचं काल ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. सकाळी भेटून आलो. गाडीखाली फरशीवर दोन थेंब दिसले. मामींकडून चेन-पाना आणून फिल्टर जरा आवळला. आता निश्चिंत.'

'जरा.' माझंच अक्षर. ते थेंब फिल्टरचे होते की दुसऱ्या कशाचे, हेही लिहिलेलं नाही, म्हणजे पाहिलेलं नाही. सबंध उन्हाळा इंजिन तापत राहिलं, रबराची रिंग भाजून चिकटत राहिली आणि मी विसरून गेलो. खरंच विसरलो होतो का? हो. खरंच. पण विसरलेला माणूस निदान 'आठवत नाही' म्हणतो. मी 'तुम्हाला दिसत नाही' म्हणालो.

गुरुवार, २८ सप्टें.

खाली गेलो. वाक्य तयार करून गेलो होतो. दार मामींनी उघडलं. आत पायऱ्यांवर बाहुल्या, समई, मामा पलंगावर पाठमोरे, रेडिओ कानाशी.

"काय रे?"

"काही नाही मामी. मामांचे डोळ्यातले थेंब संपले असतील तर येताना आणतो."

"आहेत."

"बरं."

मामा वळले नाहीत. वर आलो. सतरा पायऱ्या आहेत.

स्वतःला विचारलं, का नाही बोललो. मामींसमोर कमीपणा वाटला म्हणून? पण शनिवारी मीही मामींसमोरच बोललो होतो. तेव्हा समोर कोण आहे याचा विचार केला नाही, आज केला. स्वतःच्या बाबतीत माणूस किती काळजी घेतो!

शुक्रवार, २९ सप्टें.

गेलो नाही. कामावर उशीर झाला. खरं म्हणजे उशीर झालाच नव्हता. बसथांब्यावर दोन बस सोडल्या.

सु.ला फोनवर सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "मला का सांगतोस? खाली जा." आणि मग, "इथे येतोस तेव्हाही असंच करतोस. माझ्याबद्दल जे बोलायचं ते मुक्ताशी बोलतोस."

खरं आहे का हे? असावं.

शनिवार, ३० सप्टें.

उद्या आयुधपूजा. आपल्याकडची खंडेनवमीच, पण इथे सगळा गाव थांबतो. मामांच्या घरची पद्धत कडक: आदल्या संध्याकाळी घरातली झाडून सगळी हत्यारं धुऊन, पुसून देवापुढे ठेवायची. पाने, हातोड्या, छिन्न्या, मामींची विळी, कात्री, सगळी. मग विजयादशमीच्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी पूजेच्या दिवशी मी सहज स्क्रू ड्रायव्हर मागितला होता, तर मामांनी कानांवर हात ठेवले होते. तेव्हा त्यांचा चेन-पाना आज परत करणं भागच होतं.

रॉकेलने धुतला. साखळीच्या कड्या जुन्या टूथब्रशने साफ केल्या. पाच वाजता खाली गेलो. मामा जमिनीवर बसून पाने ओळीने मांडत होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. मी चेन-पाना पुढे ठेवला आणि उभ्यानेच बोलून टाकलं.

"मामा, तुम्ही हातानेच लावला होता. एप्रिलमध्ये मी पाना लावून आवळला. मग विसरलो. चूक माझी."

ते पाने मांडत राहिले.

"ठाऊक आहे," म्हणाले. मराठीत.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. पाना तुला कोण दिली एप्रिलात? ही दिली. ही रात्रीं सांगिटली मला."

स्वयंपाकघरातून मामी: "मीच दिलें की! विसरलास, तर मी काय करूं?"

"मग तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

मामांनी चष्मा काढला. उजवा डोळा लालसर, पाण्याने भरलेला.

"फिल्टर जाऊं दे रे. फिल्टर मेला, दुसरा येतो. कोण आवळला तें मी पुसलोंच नाही तुला." मग आवाज खाली आणून, "ह्या डोळ्यांत अजून धूरच आहे. एप्रिलापासून. पेपराची मोठी अक्षरं तेवढी कळतात. तिला मी सांगिटलों नव्हतों. साफ दिसतं म्हणून सांगिटलों. तू चौदाचा पाना म्हणालास, ती ऐकली. रात्रीं माझ्यापुढे दोन डबे ठेवली, एक मिठाचा, एक साखरेचा. कोणता कोणता, सांगा म्हणाली."

सतरा आणि चौदा. कामाच्या ठिकाणी असली तफावत पकडली की मला शाबासकी मिळते.

"सहा महिने लपवलेत," मामी आतून म्हणाल्या. आवाजावरून रडत नव्हत्या, पण भांडी फार वाजत होती. "माझ्यापासून. आणि हा वरचा माणूस एका मिनिटांत काढला बाहेर."

ते माझ्या बाजूने होतं की विरुद्ध, कळलं नाही.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. "गाडी झाली की मी नेतो. याच आठवड्यात."

"बघूं."

"मामा, मी तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," ते म्हणाले. मग चेन-पाना उचलला, बोटांनी साखळीची एकेक कडी चाचपली, कुठे घाण राहिली आहे का पाहत. डोळ्यांनी नाही, बोटांनी. आणि ओळीत ठेवला. "आठ दिवस थांबलों मी. शनिवारीं रात्रीं येईल म्हटलों, रविवारीं येईल म्हटलों. गुरुवारीं आलास, तर डोळ्यांतल्या थेंबांचं पुसलास."

मी खाली बसलो. कोणी बस म्हटलं नव्हतं. थोडा वेळ बसलो आणि वर आलो.

सांगून टाकलं की हलकं वाटतं, असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही. मी ज्याबद्दल माफी मागायला गेलो होतो, ते त्यांच्या मनात नव्हतंच. जे होतं ते मला माहीतही नव्हतं.

रविवार, १ ऑक्टोबर. आयुधपूजा.

सगळ्या रस्त्याला झेंडू आणि फोडलेल्या कोहळ्यांचा वास. रिक्षांना केळीचे खुंट.

अकरा वाजता मामी हळदकुंकू, चंदन घेऊन पोर्चमध्ये आल्या. आधी मामांची जुनी स्कूटर. मग माझ्याकडे वर बघून, "गाडीला लावूं काय?"

"लावा ना मामी."

बॉनेटवर चंदनाची तीन बोटं, मधे कुंकू. चाकाखाली लिंबं ठेवून वरून गाडी न्यायची असते. आमची हलत नाही. मामींनी दोन लिंबं चाकांपुढे नुसतीच ठेवली, म्हणाल्या, "देव समजून घेईल." मामा स्कूटरपाशी उभे होते. त्यांना ऐकू आलं असणार. हसले नाहीत.

दिवसभर कामाला हात नाही. ऑफिसचे कागदही उघडले नाहीत. पेनसुद्धा हत्यारच म्हणून ते देवापुढे ठेवावं का, असा विचार आला. हे पेन्सिलीने लिहितोय. पेन्सिल चालत असावी.

संध्याकाळी दारात वाटी. काबुली चणे, वर खोबरं. ठेवून कोण गेलं ते कळलं नाही. पावलं ऐकली, पण उठेपर्यंत जिना रिकामा. मामींचीच असणार. वाटी धुऊन ठेवली आहे.

सोमवार, २ ऑक्टोबर. दसरा.

सुट्टी. सकाळी साडेआठला खालून टकटक ऐकू आली. गॅलरीतून पाहिलं, तर मामा पोर्चमध्ये गाडीच्या टपावर बोटाने वाजवत उभे. दुसऱ्या हातात छिन्नी आणि हातोडी. दोन्हींवर अजून कुंकू. इथे पूजा उठली की प्रत्येकाने आपल्या हत्याराने थोडं तरी काम करायचं असतं, मुहूर्ताचं.

गेलो. त्यांनी हत्यारं माझ्या हातात दिली. स्वतः बंपरशी, गुडघ्यावर हात ठेवून उभे.

"कडेला लाव. तिरकी. सुटण्याच्या दिशेला."

"अशी?"

"मला काय दिसतं? सांग तू, कशी."

मी सांगत गेलो. छिन्नीचं टोक कुठे, कोन किती, मागे पाइप किती लांब. ते ऐकत होते आणि हाताने हवेत तसाच कोन धरत होते. मग: "मार. हळू. थांब. पुन्हा." ठोक्याच्या आवाजावरून त्यांना कळत होतं, मला नाही. एकदा म्हणाले, "हा बोदा आला. छिन्नी घसरली तुझी." खरंच घसरली होती. बाराव्या-तेराव्या ठोक्याला आवाज बदलला, तो मलाही कळला. चकती केसभर हलली होती. पुढचे तीन ठोके, मग बोटांनी फिरवून हातात.

सव्वानऊ. नऊ दिवसांचं काम पाऊण तासात झालं.

बूड-चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी रबराच्या रिंगवरून अंगठा फिरवला. जळून कडक, फरशीच्या तुकड्यासारखी. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहून तरी काय दिसलं असतं, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो पुरा केला नाही.

बसणं पुसलं, आटे तपासले, शाबूत. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचं बोट लावलं. रिंग टेकेपर्यंत फिरवला, मग हातानेच पाऊण फेरा. मोठ्याने सांगत सांगत. पाना शेजारीच होता. त्याला हात लावला नाही.

"झालं?"

"झालं. बघता?"

दर वेळी माझं काही करून झालं की मामा एकदा स्वतःच्या हाताने चाचपून बघतात. चार वर्षांत एकदाही चुकलं नाही. टायरच्या व्हॉल्व्हची टोपी मी लावली तरी ते तिला हात लावून बघतात. यात डोळ्यांचा संबंध नाही, आणि वरून बॉनेटमधून हात घालायला फार वाकावंही लागत नाही.

ते म्हणाले, "तुझी गाडी. तूच बघ."

आणि हत्यारं घेऊन आत गेले.

दुपारभर याच वाक्याशी बसलोय. माझ्यावर सोपवलं, असं म्हणायचं? की माझ्या कामातून हात काढून घेतला? की फक्त दमले होते, डोळा चुरचुरत होता आणि दसऱ्याचं जेवण वाट पाहत होतं? आवाज साधाच होता. मी तो आठवून आठवून इतका वापरलाय की आता मूळचा कसा होता ते सांगता येणार नाही. डॉक्टरांचं विचारायचं राहिलं. 'बघूं' हे शेवटचं आहे.

जेवायला या म्हणून मामींनी हाक मारली नाही. गेल्या वर्षी मारली होती. त्याच्या आदल्या वर्षी सु. आणि मुक्ता इथे होत्या, तेव्हा सगळे खालीच जेवलो होतो. मी भात आणि दही खाल्लं.

नवं ऑइल भरून इंजिन चालू केलं. दहा मिनिटं चालवून फरशीवर आडवा पडून पाहिलं. थेंब नाही. बंद करून अर्ध्या तासाने पाहिलं. नाही. खाली जुना पेपर अंथरून ठेवला, चार वाजता तो काढून उजेडात धरला. कोरडा. काम चोख झालंय.

मग पुन्हा अंथरला. हे लिहायला लाज वाटते, पण पेपर उचलताना प्रत्येक वेळी वाटत होतं की एखादा थेंब असावा. असता तर खाली जाऊन दार वाजवता आलं असतं. मामा, जरा येता का, म्हणता आलं असतं.

सहाला पुन्हा पाहीन.